ब्लू क्रॉस ब्लू शील्ड ही एक कंपनी नव्हे

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींकडे ब्लू क्रॉसचं आरोग्य विम्याचं कार्ड दिसलं की ‘तिथली सगळ्यात मोठी विमा कंपनी’ असं ऐकू येतं. मुळात ती एक कंपनीच नाही. 30हून अधिक स्वतंत्र कंपन्या परवाना घेऊन हे नाव लावतात. काही ना-नफा, तर एलेव्हन्ससारखी चक्क शेअर बाजारातली.

सुरुवात 1929ची, डलासमधली. बेलर रुग्णालयाच्या जस्टिन किंबॉल यांना थकलेल्या बिलांत शिक्षकांची बरीच नावं दिसली. (शिक्षकांचा पगार, दुसरं काय!) महिना 50 सेंट भरा, गरज पडली तर 21 दिवस रुग्णालयात राहा, अशी त्यांची योजना. त्यातूनच पुढे ब्लू क्रॉस उभं राहिलं. डॉक्टरांच्या फीसाठी ब्लू शील्डची चूल वेगळी. दोन्हींच्या राष्ट्रीय संघटना 1982मध्ये एक झाल्या, कंपन्या मात्र वेगळ्याच राहिल्या.

टेक्सासचं कार्ड न्यू जर्सीत चालतं खरं, पण क्लेम मंजूर करायचा की नाही, हे टेक्सासवालेच ठरवतात.