परदेशातील नोकरीचा करार सहीपूर्वी आणि सर्व पानांसह आणावा

करारपत्राचे मराठी भाषांतर किंवा प्रमाणपत्रांचे साक्षांकन यांसाठी आमच्या शनिवार पेठेतील कार्यालयात येणारे बहुतेक ग्राहक प्रथम एकच विचारतात, "एवढा पगार ठीक आहे ना?" सोबत असते ते मोबाइलमधील ऑफर लेटरच्या पहिल्या पानाचे छायाचित्र. एकूण पगार त्या पानावर ठळक छापलेला असतो. परंतु त्यात मूळ वेतन किती आणि घरभाडे, प्रवास, भोजन यांचे भत्ते किती, ही फोड बहुधा पुढच्या पानावर किंवा जोडपत्रात असते. ती पाने मागवण्यात आपलेच दिवस वाया जातात.

संयुक्त अरब अमिरातीचे उदाहरण घ्यावे. तेथील २०२१ च्या कामगार कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांतील प्रत्येक वर्षामागे २१ दिवसांचे मूळ वेतन ग्रॅच्युइटी म्हणून, म्हणजे नोकरी संपताना एकरकमी, मिळते, आणि जादा कामाचा मोबदलाही मूळ वेतनावरच ठरतो. पगार ४,००० दिरहॅम असलेल्या दोघांपैकी एकाचे मूळ वेतन २,८०० आणि दुसऱ्याचे १,६०० असेल, तर पाच वर्षांनंतर पहिल्याला ९,८०० आणि दुसऱ्याला ५,६०० दिरहॅम मिळतील. तेथे नोंदवला जाणारा करार ऑफर लेटरशी जुळावा लागतो. म्हणून वाटाघाट करायची ती ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वीच. सही करून आणि येथील नोकरीचा राजीनामा देऊन आलेल्या ग्राहकाला आम्ही अर्थ समजावून देऊ शकतो, आकडे बदलून देऊ शकत नाही.

दहावी उत्तीर्ण असल्यामुळे आपल्या पासपोर्टला उत्प्रवास परवानगी (काही देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी घ्यावी लागणारी सरकारी मंजुरी) लागत नाही, याचे चाकणच्या वेल्डर-फिटर मंडळींना समाधान वाटते, आणि ते योग्यही आहे. मात्र ज्यांना ती लागते, त्यांचा करार त्यांनी देश सोडण्यापूर्वी सरकारी यंत्रणेसमोर जातो. इतरांनी तो स्वतःच वाचायचा असतो. भरती करणारा एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे की नाही, हे मात्र प्रत्येकाने पाहावे. त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच शुल्क घेता येते, तेही पावती देऊन. अमिरातीच्या कायद्यानुसार तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करता येत नाही आणि मालकाला पासपोर्टही स्वतःकडे ठेवता येत नाही.

व्हॉट्सॲपवर आलेल्या एका पानावरून आम्ही मत देत नाही, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. परंतु परिवीक्षा काळ (प्रोबेशन), नोटीस, परतीचे तिकीट आणि वैद्यकीय विमा यांची कलमे न वाचता "ठीक आहे" म्हणणे सोपे असले, तरी त्याचे शुल्क घेणे आम्हाला पटत नाही. आम्ही नोकरी मिळवून देत नाही आणि कोणत्याही एजंटाकडून कमिशन घेत नाही, त्यामुळे खटकणारे कलम स्पष्ट सांगण्यात आमची अडचण नसते. जोडपत्रांसह पूर्ण करार पीडीएफ स्वरूपात मिळाल्यास मालकाला विचारायचे प्रश्न आम्ही इंग्रजीत लिहून देतो. त्यासाठी वेगळा आकार नाही. पदवी प्रमाणपत्राची मूळ प्रत त्याच वेळी आणल्यास साक्षांकनासाठी दुसरी खेप पडत नाही.