हॉपर डब्यांचा कोळसा: निवडताना आणि भरताना

मॉडेल रेल्वेचा हॉपर डबा (तळाच्या दारांतून माल खाली सोडणारा डबा) घरी आला की लगेच कोळशाचा प्रश्न येतो. "काहीतरी काळं भरलं तर चालेल का?" असं बरेच ग्राहक विचारतात. आमचं उत्तर नाही असं आहे, आणि त्याची कारणं नीट सांगता यावीत म्हणून हे पत्रक काढलं आहे. आमच्याकडचे बहुतेक ग्राहक एचओ किंवा एन स्केलमध्ये (म्हणजे खऱ्याच्या 1:87 किंवा 1:160 मापात) अमेरिकन गाड्या चालवतात, त्यामुळे इथली उदाहरणं तिकडची आहेत. भारतीय वाघिणींबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

आधी डब्यावरचं नाव वाचा

कुठला कोळसा घ्यायचा ते डब्याच्या अंगावर रंगवलेली रेल्वे कंपनी ठरवते. रीडिंग, लीहाय व्हॅली, लॅकवाना ही नावं असतील, तर डबा ईशान्य पेनसिल्व्हेनियाचा आणि आत अँथ्रासाइट. हा कोळसा कठीण, काचेसारखा फुटणारा आणि चकचकीत. घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्यांसाठी तो धुऊन, चाळून, आकारानुसार विकला जाई आणि त्या आकारांना एग, स्टोव्ह, नट, पी, बकव्हीट, राइस अशी नावं होती. म्हणून अँथ्रासाइटच्या डब्यात सगळे दाणे जवळपास एका मापाचे दिसले पाहिजेत. लॅकवानाच्या मुलखात तर ग्लेन आल्डन कंपनी आपल्या कोळशावर ओळखीसाठी निळा रंग फवारत असे आणि 'ब्लू कोल' नावानं विकत असे. 1930 च्या दशकातली गाडी मांडणाऱ्यांनी एखाद्या डब्यातल्या दाण्यांवर निळ्या रंगाचा हलका फवारा जरूर मारून पाहावा. इतका देखणा आणि तरीही खरा तपशील क्वचित मिळतो.

नॉरफोक अँड वेस्टर्नचा डबा असेल तर चित्र वेगळं. पोकाहोंटस भागातला बिट्युमिनस (अँथ्रासाइटपेक्षा मऊ) कोळसा भरून या गाड्या पूर्वेला नॉरफोक बंदरातल्या लॅम्बर्ट्स पॉइंटच्या धक्क्यावर जात आणि रिकाम्या परत येत. यातले काही डबे खाणीतून निघाला तसाच कोळसा नेत, म्हणजे मोठी ढेकळं, मधले तुकडे आणि चुरा एकत्र. इथे एकसारखे दाणे खोटे वाटतात. दोन-तीन मापांचे दाणे मिसळा.

वायोमिंगमधल्या पावडर रिव्हर खोऱ्याचा कोळसा सब-बिट्युमिनस, म्हणजे बिट्युमिनसपेक्षा खालच्या प्रतीचा. चमक कमी, रंग काळपट तपकिरीकडे झुकणारा, आणि खाणीवरच फोडून बारीक केलेला. आधुनिक युनिट ट्रेन (अख्खी एकाच मालाची गाडी) चालवणाऱ्यांनी हाच घ्यावा.

दाणा किती मोठा हवा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून थोडं गणित करू. एचओ म्हणजे 1:87, एन म्हणजे 1:160. नट आकाराचा अँथ्रासाइट प्रत्यक्षात साधारण 21 ते 41 मिलिमीटर. एचओमध्ये तो 0.24 ते 0.47 मिलिमीटर होतो, म्हणजे बारीक रव्याएवढा. एग आकार 62 ते 83 मिलिमीटरचा, एचओमध्ये 0.7 ते 0.95 मिलिमीटर. बाजारात 'कोळसा' म्हणून मिळणारा 2 मिलिमीटरचा दाणा एचओमध्ये 17 सेंटिमीटरचा धोंडा होतो, आणि एनमध्ये तर 32 सेंटिमीटरचा. खाणीतून आला तसा कोळसा दाखवायचा असेल तर असे चार-दोन धोंडे शोभतात, पण अख्खा डबा त्यांनी भरला की डबाच खेळण्यातला वाटू लागतो.

आमच्या पाकिटांवर 'बारीक', 'जाड' असं न लिहिता मिलिमीटर लिहितो ते यासाठीच. 0.4 ते 0.5 मिलिमीटरचं पाकीट एचओवाल्यांसाठी नट आहे आणि एनवाल्यांसाठी एग.

ढीग कसा असावा

कोळसा डब्यात सपाट बसत नाही. तो ओतला की 35 ते 40 अंशांच्या उतारानं थांबतो. जुन्या टिपलखाली (खाणीवरच्या कोळसा भरायच्या इमारतीखाली) डबा थोडा थोडा पुढे सरकवत भरत, त्यामुळे एका डब्यात दोन-तीन शिखरं दिसतात. 1970 नंतरच्या सायलोखालून (कोळसा साठवायच्या उंच कोठाराखालून) गाडी संथपणे न थांबता पुढे जाते आणि कोळसा सलग पडतो, म्हणून ढीग लांबट, वरून सपाट, दोन्ही टोकांना उतरता. पुढे धूळ उडू नये म्हणून बीएनएसएफ या अमेरिकन रेल्वे कंपनीनं ढिगाच्या आकाराबाबत आणि वरच्या फवाऱ्याबाबत नियम केले. त्यामुळे अलीकडच्या गाड्यांत कडा जास्त बोथट दिसतात. काठाच्या वर ढीग किती यावा? अमेरिकन डब्यांची क्षमता मोजताना सरासरी 10 इंचांचा ढीग धरतात. एचओमध्ये तो जेमतेम 3 मिलिमीटर भरतो, एनमध्ये दीड.

काय वापरू नये

इस्त्रीवाल्याकडचा लोणारी कोळसा नको. तो लाकडाचा, मऊ, हात लावला की भुगा होणारा. त्याची काजळी रुळांवर बसली की इंजिन अडखळू लागतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू दिसायला मोहक असते, पण तिच्यात मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं. असा एक कण जरी सुटून इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला चिकटला तरी मोटर बिघडू शकते. कुठलाही काळा दाणा घेतलात तरी आधी त्यावरून लोहचुंबक फिरवून पाहा. मत्स्यालयाची काळी वाळू चुंबकाला चिकटली नाही तरी गोल असते, आणि कोळशाला कोपरे असतात.

खरा दगडी कोळसा मात्र उत्तम. बॉयलरसाठी कोळसा विकणाऱ्याकडे मूठभर सहज मिळतो. (रुळांवरून उचलायला कृपा करून जाऊ नका.) जाड कापडात गुंडाळून हातोडीनं फोडा, तोंडाला मास्क बांधा, चाळा, मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि वाळवा. धुणं टाळलंत तर बोटं, डबा आणि रूळ सगळंच काळं होईल.

भराव सुटा ठेवा

कोळसा थेट डब्यात चिकटवू नका. खरी गाडी भरलेली जाते आणि रिकामी येते, आणि मांडणीवर तेच दाखवण्यात मजा आहे. डब्याच्या आतल्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान थर्माकोलचा तुकडा कापा, वर ढिगाचा उतार द्या आणि पाण्यात मिसळणाऱ्या काळ्या ॲक्रिलिकनं रंगवा. स्प्रे पेंटनं थर्माकोल विरघळतो. मग फेविकॉल लावून कोळसा पसरा. वरून दोन भाग पाण्यात एक भाग फेविकॉल आणि भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब घालून ड्रॉपरनं सोडा. कोळसा पाण्याला लांब लोटतो, हा थेंब नसेल तर पाणी नुसतं वरून घरंगळतं. पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ धरा. थर्माकोलमध्ये वरच्या थराखाली एक लोखंडी वॉशर बसवलात तर चुंबकानं भराव अलगद उचलता येतो.

वजनाचंही पाहा. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याचं वजन 1 औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असावं. 6 इंची डब्याला हे 4 औंस, म्हणजे 113 ग्रॅम होतं. कमी पडणारं वजन भरावाच्या तळाशी बसवा, वर नको. चढाची मांडणी आणि लांब गाडी असेल तर शिफारशीपेक्षा वाढीव वजन मुळीच घालू नका.

भारतीय गाड्यांसाठी: बॉक्सएन ही उघडी वाघीण, ती टिपलरवर उलटी करून रिकामी करतात. तळाची दारं हवेच्या दाबानं उघडणारी खरी हॉपर म्हणजे बीओबीआरएन. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण जास्त, त्यामुळे तो अमेरिकन कोळशापेक्षा राखाडी आणि मंद दिसतो. चंद्रपूरच्या वीजकेंद्राकडे जाणारी गाडी मांडत असाल तर काळ्या दाण्यांवर राखाडी पावडरचा हलका हात फिरवा.

मागवताना

तयार भराव एका कंपनीच्या डब्याचा दुसऱ्या कंपनीच्या डब्यात बसेलच असं नाही. ॲक्युरेल आणि बाउझर यांचे डबे शेजारी ठेवून आतून मोजलेत तर लक्षात येईल. म्हणून स्केल, डबा बनवणारी कंपनी आणि खोक्यावरचा क्रमांक कळवा. शिवाय आतली लांबी, आतली रुंदी आणि काठापासून आतल्या आडव्या पट्टीपर्यंतची खोली मिलिमीटरमध्ये लिहून पाठवा. आडवी पट्टी नसेल तर तसं लिहा, म्हणजे भराव टेकायला आम्ही खाली पाय लावून देऊ.