तिच्या वडिलांना भेटायला जाताना

"बाबांना भेटायला ये," असं मैत्रिणीने सांगितलं की मुलगा गोंधळतो. पाया पडू का, 'काका' म्हणू का, हातात काय नेऊ? हा गोंधळ साहजिक आहे. सुपारी फुटण्यापासून वरातीपर्यंत लग्नातल्या प्रत्येक पायरीचा विधी आपल्याकडे ठरलेला आहे. मुलाने एकट्याने मुलीच्या वडिलांसमोर जाऊन बसायची रीत मात्र नव्हती.

उलट, जोडे झिजवायचा तो मुलीचा बाप. पत्रिका घेऊन तो स्थळं धुंडाळायचा. सीमांतपूजनाला वराचं स्वागत आणि पाद्यपूजा वधूकडचेच करत. बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या बशा घेऊन मुलगी बाहेर यायची, प्रश्न तिलाच विचारले जायचे, आणि 'कळवतो' म्हणून मंडळी उठली की निरोपाची वाट बघत बाप बसायचा. अनेक समाजांत मुलाकडून देज, म्हणजे मुलीबद्दल रक्कम, घ्यायची चाल होती, पण तिथेही बोलणी वडीलधाऱ्यांचीच. पुढे हुंडा बऱ्याच ठिकाणी पसरला. 1961 साली कायद्याने त्यावर बंदी आली, तरी मागण्या थांबल्या नाहीत.

मुलीचं मत विचारावं एवढं तिचं वयही नसायचं. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठेपणी त्यांनी नांदायला नकार दिला, तेव्हा नवरा दादाजी भिकाजी याने 1884 साली मुंबई हायकोर्टात दावा लावला. 1887 साली कोर्टाने नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असं बजावलं. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. अखेर 1888 साली तडजोड झाली आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. सुरुवातीला त्यांच्या पाठीशी सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन उभे होते. मुलीच्या 'नाही'ला मान देणारा बाप त्या काळातही होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

1891 च्या कायद्याने मुलीचं शरीरसंबंधासाठीचं संमतिवय दहावरून बारा झालं. 1929 च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं आणि 1978 च्या दुरुस्तीने ते अठरा झालं. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार लग्नाचं कायदेशीर वय झालेल्या जोडप्याला तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदणी विवाह करता येतो. वडिलांची परवानगी त्यात लागत नाही. म्हणजे कायद्याने गरज नसताना ती तुला घरी बोलावते आहे. तिला तूही हवा आहेस आणि बाबाही.

म्हणून जावयाच्या थाटात जाऊ नये. दिलेली वेळ पाळावी, 'काका-काकू' म्हणावं, पोह्यांची बशी उठून हातात घ्यावी. 'आडनाव काय, गाव कुठलं?' या प्रश्नांत बहुतेक वेळा जातीची चौकशी असते. उत्तर खरं द्यावं, आवाज न चढवता आणि मान खाली न घालता. 'मुलगी द्या' म्हणू नये, कारण ती देण्याघेण्याची वस्तू नाही. 'आम्ही दोघांनी ठरवलंय, तुमच्याशी बोलायला आलोय,' असं म्हणावं, आणि हे बोलताना ती शेजारी बसलेली असावी. काका त्या दिवशी गप्प राहिले, तर होकारासाठी तगादा लावू नये. त्यांना विचार करायला थोडे दिवस द्यावेत, आणि तिच्याकडून निरोप आला की पुन्हा जावं.