‘मनाने कच्ची असेल तिलाच असं फसवता येतं’ हे खरं नाही

गॅसलायटिंगचा, म्हणजे एखाद्याला स्वतःच्याच आठवणीवर आणि समजुतीवर शंका घ्यायला लावणाऱ्या छळाचा, विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘शिकलेली, कमावती बाई कशी फसेल? मनाने कच्ची असेल.’ हे साफ चूक आहे, आणि भोगणाऱ्याला आणखी गप्प करणारं आहे.

हा शब्द पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ सालच्या नाटकावरून आला. त्यात नवरा चोरून वरच्या मजल्यावर गॅसचे दिवे लावतो, त्यामुळे खालचे मंदावतात. बायकोला ते दिसतं, पण तिच्या डोक्यावर परिणाम झालाय असंच तिच्या मनावर ठसवलं जातं. तिची नजर चांगली शाबूत होती! फसवणूक चालते ती विश्वासावर. आपल्या माणसावर शंका घेण्याआधी आपण स्वतःवर घेतो.

घरात ते असं दिसतं : ‘मी असं बोललोच नाही. तुला हल्ली काही आठवत नाही.’ मग सासू, दीर, सगळ्यांसमोर तेच. सहा महिन्यांनी ती गॅस बंद केलाय का हे तीनदा बघते. (पुरुषांच्या, मुलांच्या वाट्यालाही हे येतं.) एखाद्या प्रसंगाची दोघांची आठवण वेगळी असणं मात्र गॅसलायटिंग नव्हे.

सावरायला बाहेरचा साक्षीदार लागतो. नाटकातही दिवे मंदावतात हे बाहेरून आलेला निवृत्त पोलिस अधिकारी मान्य करतो. बोलणं झालं की तारीख घालून लिहून ठेवा, एका विश्वासू माणसाला सांगा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात भावनिक छळही हिंसाच आहे. मदतीचे फोन क्रमांक : महिलांसाठी १८१, मानसिक आधारासाठी १४४१६.