पापनिवेदनाची गुप्तता आणि मुलांचे संरक्षण: वादाची पार्श्वभूमी

संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने डिसेंबर २०१७ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यातली एक शिफारस कॅथलिक चर्चच्या वर्मी लागली. अशा अत्याचाराची माहिती कन्फेशनमध्ये, म्हणजे धर्मगुरूजवळ एकांतात पापांची कबुली देण्याच्या विधीत (पापनिवेदनात) मिळाली, तरी धर्मगुरूला ती सरकारी यंत्रणेपासून लपवता येऊ नये, असे कमिशनचे म्हणणे होते. पुढच्या तीन वर्षांत साउथ ऑस्ट्रेलिया, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड अशा राज्यांनी तसे कायदे केले. क्वीन्सलँड आणि व्हिक्टोरियात शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. तुरुंगात जावे लागले तरी गुप्तता मोडणार नाही, असे मेलबर्नच्या आर्चबिशपांनी जाहीर केले.

हा हट्ट आजचा नाही. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममधल्या चर्चच्या धर्मसभेने, कळत्या वयाच्या प्रत्येक कॅथलिकाला वर्षातून एकदा तरी पापनिवेदन बंधनकारक केले. त्याच नियमात धर्मगुरूलाही बांधून घेतले. शब्दाने वा खुणेनेही गुपित फोडणाऱ्याचे पद काढून घ्यायचे आणि त्याला आयुष्यभर कडक मठात प्रायश्चित्त करायला लावायचे, असे ठरले. आजच्या चर्चसंहितेत त्याला शिक्षा आहे ती चर्चमधून बहिष्काराची.

न्यायालयांनीही ही गुप्तता अनेकदा मानली. न्यूयॉर्कमध्ये १८१३ साली फादर अँथनी कोलमन यांनी चोरीचा माल मालकाला परत मिळवून दिला, पण तो कोणी आणून दिला हे सांगायला नकार दिला. न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली आणि १८२८ मध्ये तिथे तसा कायदाही झाला. मात्र त्या खटल्यात माल परत मिळाला होता. अत्याचार झालेल्या मुलाला काय परत मिळते?

मुले या व्यवस्थेत कोवळ्या वयातच येतात. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी सातव्या वर्षाच्या आसपास पापनिवेदनाची सुरुवात व्हावी असे ठरवले. त्यामुळे रॉयल कमिशनने बिशपांना सांगितले की दोन प्रश्न व्हॅटिकनला विचारा: स्वतःवर अत्याचार झाल्याचे मुलाने सांगितले तर तेही गुपितच का? आणि गुन्हेगार पोलिसांकडे जाईपर्यंत त्याची पापक्षमा, म्हणजे निवेदनानंतर धर्मगुरू देवाच्या नावाने देतो ती क्षमा, रोखून धरता येईल का?

२०२० मध्ये व्हॅटिकनचे उत्तर आले. मुलाचे सांगणेही गुप्ततेतच मोडते. मात्र बाहेर मदत मागायला त्याला धीर द्यावा. पापक्षमेला पुढच्या कृतीची अट घालता येणार नाही.

या दुसऱ्या उत्तरापाशी मी थांबतो, कारण चर्चचा स्वतःचा इतिहास वेगळे सांगतो. पापनिवेदनाच्या निमित्ताने एखाद्या धर्मगुरूने लैंगिक मागणी केली, तर त्याची तक्रार करायला पीडितेला सांगावे, असा आदेश पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ मध्येच दिला होता. १९१७ च्या चर्चसंहितेत तर महिनाभरात तक्रार न करणाऱ्यावर बहिष्कार होता, आणि तक्रार केल्याशिवाय किंवा करण्याचे मनापासून वचन दिल्याशिवाय त्याला मुक्तता मिळत नसे. म्हणजे पीडितांवर अट घालणे चर्चला जमत होते. ती तक्रार चर्चच्याच अधिकाऱ्यांकडे जात असे, हा फरक आहे. पण जी अट पीडितांना घातली ती गुन्हेगाराला घालता येत नाही, हे मला पटत नाही. त्यात गुप्ततेला धक्काही लागत नाही, कारण बोलायचे आहे ते गुन्हेगाराने स्वतः.

भारतात पोक्सो कायद्याचे कलम १९ ‘कोणत्याही व्यक्तीला’ माहिती देणे बंधनकारक करते. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृहाच्या प्रकरणात एका डॉक्टरविरुद्धचा असा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. आपला पुरावा कायदा वकील आणि पक्षकार, तसेच पती-पत्नी यांच्यातल्या बोलण्याला संरक्षण देतो. त्या यादीत धर्मगुरू नाही, मग तो वसईचा असो वा गोव्याचा.