पिकअपच्या दारातला पखवाज

माझा भाचा नारायणगावहून वाशीच्या भाजीपाला बाजारात टोमॅटो आणतो. माळशेज घाट उतरायचा, मग कल्याण, शिळफाटा, महापे करत तुर्भे गाठायचं, असा त्याचा रात्रीचा रस्ता. गावच्या भजनी मंडळात तो पखवाज वाजवतो, म्हणून गाडीत कायम अभंग लागलेले. गाडी खाली झाली की कधीकधी सकाळी ऐरोलीला माझ्याकडे चहाला येतो. असाच आला तेव्हा म्हणाला, "मामा, टाळ ऐकू येतात, बुवांचा आवाज येतो, पण पखवाज पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखा. धुमा कुठे गेला तेच कळत नाही."

धुमा म्हणजे पखवाजाची डावी, खर्जातली बाजू. गाडीसोबत आलेला टेप बदलून त्याने नुकताच नवा डेक आणि दारांत साडेसहा इंची स्पीकर बसवून घेतले होते. डेकच्या खोक्यावर ठळक लिहिलेलं: ५० वॅट × ४. म्हणजे २०० वॅट. एवढी ताकद असताना धुमा नाही, म्हणून त्याला ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर आणि खर्जासाठीचा मोठा स्पीकर, म्हणजे वूफर, घ्यायचा होता. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्याला म्हटलं, रविवार काढ, आधी आहे ते उघडून बघू.

डेक बाहेर ओढल्यावर त्याच्या पाठीवरचा फ्यूज दाखवला. १० अँपिअर. इंजिन चालू असताना डायनामो गाडीला साधारण १४.४ व्होल्ट देतो. १४.४ गुणिले १० म्हणजे १४४ वॅट. यापेक्षा जास्त वीज हा डेक सतत ओढू लागला तर फ्यूजच उडेल. मग २०० वॅट येणार कुठून? शिवाय आत गेलेल्या विजेपैकी बरीचशी डेकच्या ॲल्युमिनियमच्या पाठीतून उष्णता होऊन जाते. साठ टक्के स्पीकरपर्यंत पोचली असं धरलं, तर चार स्पीकरना मिळून ८६, म्हणजे एकेकाला २० वॅटच्या आसपास.

५० चा आकडाही हवेतून आलेला नाही. डेकमधली चिप स्पीकरच्या दोन्ही वायरी उलटसुलट ढकलते, त्यामुळे स्पीकरवर एकदा अधिक १४.४ आणि एकदा उणे १४.४ व्होल्ट येऊ शकतात. ४ ओहमच्या स्पीकरवर हे व्होल्ट सतत टोकालाच ठेवले तर १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे जवळपास ५२ वॅट भरतात. पण तसा आवाज म्हणजे चौकोनी लाटेचा कर्कश गोंगाट. स्वच्छ सुरात त्याच व्होल्टवर कागदोपत्री २६ वॅट निघतात आणि प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी. दोन्ही वायरी जिवंत असल्यामुळे आणखी एक गोष्ट पाळावी लागते. स्पीकरची उणे वायर बॉडीला कधीही लागू द्यायची नाही. जुन्या गाड्यांत ती बॉडीला जोडलेली असे. नव्या डेकला तसं केलं तर चिप जाऊ शकते.

पण समजा, खरोखर ५० वॅट मिळाले असते, तरी काय झालं असतं? आपला कान वॅट मोजत नाही, पटी मोजतो. २० चे ५० वॅट केले तर आवाज वाढतो ४ डेसिबल, म्हणजे ऐकताना फरक कळेल एवढाच. आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वीज दहापट लागते. त्यात स्पीकर हे यंत्रच मुळात उधळं. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्याला चिकटलेला कोन, ही रचना जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली आणि तीच आजही चालते. १ वॅटला १ मीटरवर ८८ डेसिबल देणारा स्पीकर दिलेल्या विजेतली जेमतेम ०.४ टक्के आवाजात बदलतो. शंभर रुपयांतले चाळीस पैसे. उरलेली सगळी वीज वेटोळं तापवते. म्हणून स्पीकर घेताना वॅटच्या आधी हा डेसिबलचा आकडा विचारावा. ८८ ऐवजी ९१ चा स्पीकर म्हणजे फुकटात दुप्पट ॲम्प्लिफायर.

थोडक्यात, धुमा वॅटच्या कमतरतेने गेला नव्हता. मग दारांकडे वळलो.

घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घेतला आणि स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवला. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला लागलं की कोन टचकन बाहेर येतो, उलट लागलं तर आत जातो. डेकमागे वायरी जोडायच्या प्लगवरच्या (कपलरवरच्या) अधिक-उणे खुणा धरून आम्ही दोन्ही बाजूंना सेल लावला. डावा कोन बाहेर आला, उजवा आत गेला. उजव्या दारातल्या दोन वायरी उलट जोडलेल्या होत्या!

याचा परिणाम खर्जावरच का व्हावा? आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १०० हर्ट्झच्या सुराची एक लाट त्यामुळे ३.४ मीटर लांब असते. पिकअपची केबिन जेमतेम दीड मीटर रुंद. एवढ्या लांब लाटेच्या दृष्टीने दोन्ही दारं जवळपास एकाच जागी आहेत. डावा स्पीकर हवा ढकलतोय आणि त्याच क्षणी उजवा ती ओढतोय, तर बेरीज शून्याकडे जाते. टाळांच्या लाटा काही सेंटिमीटरच्या. त्या दोन बाजूंनी कानापर्यंत वेगवेगळ्या अंतरावरून येतात, कुठे जुळतात, कुठे फिसकटतात, पण एकदम नाहीशा होत नाहीत. म्हणून टाळ शिल्लक राहिले आणि धुमा गेला. दोन वायरींची अदलाबदल केली आणि भाच्याने स्टिअरिंगवरच ठेका धरला. खर्च शून्य.

तरी पत्र्याची खरखर होतीच. आता दाराचं पॅड काढलं. आत बघितलं तर स्पीकरभोवती वायरी, लॉकचे दांडे आणि हात जाईल एवढी उघडी भोकं. स्पीकरचा कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती विरळ करत असतो. मागची हवा कडेने वळून पुढे आली की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. कुणालाही घरी करून बघता येईल असा हा प्रयोग आहे. वाजता स्पीकर नुसता हातात धरा, खर्ज ऐकूच येणार नाही. मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडून त्यावर तो दाबून धरा, खर्ज परत येतो. पुठ्ठा काही वाजत नाही, तो फक्त पुढची आणि मागची हवा वेगळी ठेवतो. गाडीत हे पुठ्ठ्याचं काम दाराने करायचं असतं. दार हाच स्पीकरचा खोका. आणि बहुतेक जण स्पीकरवर पैसे घालून खोका तसाच भोकाभोकांचा ठेवतात, याची मला मनापासून हळहळ वाटते.

आम्ही आतल्या पत्र्याची मोठी भोकं ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने झाकली, स्पीकरखाली प्लास्टिकची रिंग आणि फोमची पट्टी दिली आणि बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबरच्या चिकट शीट लावल्या. डांबराच्या शीट स्वस्त मिळतात, पण आपल्याकडच्या उन्हात त्या वास मारतात आणि सुटतात. शीट पूर्ण पत्रा झाकेल एवढी लागत नाही. मोकळ्या पत्र्याच्या मध्यावर लावली तरी बराच फरक पडतो.

शीटचं काम भाच्याला समजावताना मला फार बोलावं लागलं नाही. पखवाजाच्या धुम्याला वाजवण्याआधी कणीक लावतात. कणकेच्या वजनाने चामड्याचा सूर खाली उतरतो आणि त्याची टणटण जाते. कंप पावणाऱ्या कुठल्याही पडद्याचा सूर त्याच्या ताठपणावर आणि वजनावर ठरतो. वजन चौपट केलं तर सूर निम्म्यावर येतो. दाराचा पत्रा म्हणजे बिनकणकेचा धुमा. स्पीकरने जरा हलवला की तो आपल्याच सुरात टणाणतो. रबराची शीट त्याला जड करते, शिवाय स्वतः ताणली-दाबली जात कंपनाची उष्णता करून टाकते. शीट लावल्यावर भाच्याने बोटांनी दारावर थाप मारली. आधी "टंग" यायचं, आता "धप्". म्हणाला, "कणीक बसली, मामा."

ही सगळी चिकटवाचिकटवी करताना दाराच्या तळाची भोकं मात्र मोकळी ठेवलीच पाहिजेत. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच. ते बाहेर पडायची वाट तीच. ती बुजली तर दार आतून गंजतं. याच पाण्यामुळे आणि खाडीकाठच्या दमट हवेमुळे दारात कागदी कोनापेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा कोन मला जास्त भरवशाचा वाटतो. स्पीकरच्या डोक्यावर आम्ही प्लास्टिकचं छोटं छप्परही लावलं.

गाडी उभी असताना आता सगळं छान होतं. ठाणे-बेलापूर रोडवर चक्कर मारली आणि धुमा पुन्हा दबला. हा दोष वायरिंगचा नव्हे. चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात. मिनिटाला १५०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५० स्फोट, २४०० फेऱ्यांना ८०. इंजिनाची घरघर नेमकी खर्जाच्याच पट्ट्यात पडते आणि एकाच पट्ट्यातला मोठा आवाज लहानाला झाकतो. त्यात खालचे सूर ऐकण्यात आपला कान मुळातच मंद. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये बेल लॅबमध्ये हे मोजून दाखवलं. हळू आवाजात ५० हर्ट्झचा सूर १००० हर्ट्झएवढा वाटायला कितीतरी डेसिबल जास्त द्यावे लागतात.

इथे मात्र ॲम्प्लिफायरची गरज खरी होती. पखवाजाची थाप क्षणभराची असते, पण त्या क्षणी ती बाकीच्या आवाजाच्या दहापट किंवा त्याहून जास्त वीज मागते. बुवांचा आवाज २ वॅटवर चालला असेल तर थापेला २० लागतात, म्हणजे डेकचं टोक. त्यापुढे आवाज वाढवला की लाटेचा माथा सपाट कापला जातो. त्यालाच आपण आवाज फाटणं म्हणतो. कापलेल्या लाटेत नको असलेले वरचे सूर भरतात आणि वरच्या सुरांचे छोटे स्पीकर, म्हणजे ट्वीटर, त्यानेच जळतात. कमी ताकदीच्या ॲम्पला पिळून काढल्यावर स्पीकर जातात ते यामुळे.

आम्ही ४ × ५० वॅटचा, खऱ्या सतत मापाचा क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा ॲम्प घेतला आणि तो सीटखाली बसवला. पूर्ण जोरात त्याला साधारण १८ अँपिअर लागतात. बॅटरीपासून सीटखालपर्यंत वळणं धरून ४ मीटर वायर. घरात वापरतात ती १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली असती, तर वाटेतच ०.८ व्होल्ट गळाले असते आणि वायरीत १५ वॅट उष्णता झाली असती. बारीक सोल्डरिंग आयर्न तेवढ्यावर चालते! ८ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच गळती ०.१६ व्होल्टवर येते. वायर घेताना टोक सुरीने खरवडून बघावं. आतून चंदेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी असते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात असावा, सीटखाली नव्हे. तो ॲम्पला वाचवायला नसतो. वाटेत पत्र्याच्या कडेने वायर सोलली गेली तर गाडी पेटू नये, यासाठी तो असतो.

चालू केलं आणि नवीनच दुखणं. इंजिनाबरोबर चढत-उतरत जाणारी बारीक शिट्टी. डायनामोची वीज तीन फेजची, डायोडमधून सरळ केलेली, तिच्यात बारीक लहरी उरतात. १२ ध्रुवांचा डायनामो धरला तर एका फेरीत ३६ लहरी. इंजिन १५०० वर असताना डायनामो अडीचपट जोरात फिरत असेल, तर सेकंदाला २२५० लहरी होतात. कान सगळ्यात तिखट असतो तो जवळपास याच पट्ट्यात. पण त्या लहरी आवाजात शिरल्या कशामुळे? कारण मी ॲम्पच्या अर्थिंगची वायर सीटच्या बोल्टला लावली होती आणि खाली रंग होता. रंगामुळे वाटेत अडथळा आला, डेकचा शून्य व्होल्ट आणि ॲम्पचा शून्य व्होल्ट वेगळे पडले, आणि त्या दोघांतला फरक डेककडून ॲम्पकडे आवाज नेणाऱ्या आरसीए वायरीवरून संगीतासारखाच आत गेला. मीटरवर हा फरक ०.४ व्होल्ट दिसला. पॉलिश पेपरने चकाकता पत्रा येईपर्यंत घासलं, दातेरी वॉशर टाकून वायरीच्या टोकाची कडी (लग) आवळली, वरून ग्रीस लावलं. फरक ०.०२ व्होल्टवर आला आणि शिट्टी गेली.

वूफर घेतलाच नाही. केबिनपेक्षा लांब लाटेसाठी केबिन म्हणजे सायकलच्या पंपासारखी बंद जागा असते. तिथे खालचे सूर फैलावून न जाता दाबाच्या रूपात साठतात. भाच्याने शिळफाट्याच्या गर्दीत काच खाली करून स्वतःच पडताळलं. काच उघडली की धुमा उतरतो, बंद केली की परत येतो.

मला सगळ्यात बरं वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीने. पूर्वी इंजिनावर मात करायला तो डेकवरचा आवाजाचा आकडा ३० पर्यंत नेत असे, आता १८ वर थांबतो. कामाच्या जागी ८५ डेसिबल आठ तासांपेक्षा जास्त नको आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, अशी अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. त्या हिशोबाने ९४ डेसिबलला एकच तास मिळतो. त्याचा प्रवास रात्रभराचा आणि आठवड्यात अनेकदा. ज्याला पखवाज लावताना सुरातला केसाएवढा फरक ओळखायचा असतो, त्याचे कान शाबूत राहायला हवेत.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, त्या सकाळी तो आला तेव्हा मी चहाआधी खाली गेलो आणि दोन्ही दारांच्या तळाला हात लावून बघितला. चारही भोकांतून पाणी ठिबकत होतं.