गव्हाच्या व्होडकात गहू का उतरत नाही?

'ज्यांना गहू चालत नाही त्यांनी व्हिस्की-व्होडकाला शिवू नये. ग्लूटेन अल्कोहोलमध्ये विरघळतं, त्यामुळं ते बाटलीत येतंच.' कोल्हापुरातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मेसेज आला आणि राहवेना. यातला विरघळण्याचा भाग बऱ्याच अंशी खरा आहे. निष्कर्ष मात्र साफ चूक.

ग्लूटेन म्हणजे प्रथिनांचा गट. गव्हात ग्लायडिन, बार्लीत होर्डिन, राय नावाच्या धान्यात सेकालिन. सिलिअ‍ॅक आजारात या प्रथिनांमुळं बिथरलेली प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याचं अस्तर खराब करते. ग्लायडिन साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, पण ७० टक्के अल्कोहोलमध्ये छान विरघळतं. प्रयोगशाळेत पिठातून ते असंच वेगळं काढतात.

पण विरघळणं वेगळं आणि वाफ होऊन उडणं वेगळं. हंगामात कागल-पन्हाळ्याकडच्या एखाद्या गुऱ्हाळावर जा. काहिलीतून वाफेचे लोट उठत असतात, गुळाचा वास पार रस्त्यापर्यंत येतो. साखर त्या रसात पूर्ण विरघळलेली असते, पण वाफ थंड करून चाखली तर गोड लागणार नाही. वासाचे रेणू उडाले, साखर काहिलीतच राहिली. दारूच्या भट्टीत ऊर्ध्वपातन करताना, म्हणजे आंबवलेला द्रव उकळून त्याची वाफ थंड करताना, हेच होतं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, व्हिस्कीचा वास देणारे हलके रेणू त्याच्याबरोबर निघतात आणि प्रथिन तळाच्या रबडीत पडून राहतं.

कुणी म्हणेल, आंबवताना प्रथिनाचे तुकडे होतात, ते बारके तुकडे तरी उडत असतील? इथंच खरी गंमत आहे. अल्कोहोलच्या रेणूचं वजन ४६. ग्लायडिनचं तीस हजारांच्या घरात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी; तिचा नऊ अमिनो आम्लांचा तुकडाही हजाराच्या आसपास भरतो. बरं, प्रश्न नुसत्या वजनाचा नाही. ग्लायसिन हे सगळ्यात लहान अमिनो आम्ल, वजन फक्त ७५. तरी ते उकळत नाही. २३० अंशांच्या पुढं तापवलं की विघटन होतं. कारण त्याच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण विद्युतभार असतो. असे रेणू एकमेकांना आणि पाण्याला इतके घट्ट धरून बसतात की सुटून वाफेत जायची सोयच उरत नाही. एकटं ग्लायसिन जिथं उडत नाही, तिथं अमिनो आम्लांची साखळी काय उडणार!

एक चोरवाट आहे. फेस उसळला तर द्रवाचे बारीक थेंब वाफेबरोबर वर ओढले जातात. म्हणून तर वाफ जिथून वर चढते त्या ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात एकावर एक तबकड्या असतात. थेंब तिथं अडून खाली येतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानंही २०२० च्या नियमात हेच मान्य केलं : ऊर्ध्वपातन नीट केलं तर ग्लूटेन मागं राहतं.

बिअरची गोष्ट वेगळी. तिचं ऊर्ध्वपातन होतच नाही, त्यामुळं बार्लीचं होर्डिन ग्लासात येतं. गाळलेल्या दारूत नंतर स्वाद किंवा क्रीम मिसळलं असेल तर त्याची चौकशी स्वतंत्र करावी लागते, कारण मनोऱ्याची चाळणी मागं पडलेली असते.

आपल्याकडची साधी रम आणि बरीचशी स्वस्त व्हिस्की मुळात साखर कारखान्याच्या मळीपासून बनते. अशा रमवर 'ग्लूटेन-फ्री' छापून चार पैसे जास्त मागणं म्हणजे मिठावर 'शुद्ध शाकाहारी' लिहिण्यातला प्रकार. यकृताला या चिठ्ठीशी काही देणंघेणं नाही, ते वेगळंच.

सिलिअ‍ॅकच्या माणसानं बारमध्ये सावध राहायचं ते चकण्यापाशी. चायनीजमधल्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. उडदाचा मसाला पापड निर्धोक वाटतो, पण त्यात हिंग असतो, आणि बाजारातल्या हिंगात कित्येकदा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. हे पीठ कुठल्याही भट्टीतून गेलेलं नसतं.